सडा पाहावा कडेने

पाचगणीच्या टेबललँडवर जाऊन आलेल्यांना तिथे काय पाहिले असे विचारा. घोड्यावरची रपेट, अंगावर येणारा वारा, भाजलेले कणीस, खाली पसरलेले कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचे पाणी, अशी उत्तरे मिळतात. ज्या दगडावर उभे राहून हे सारे पाहिले, तो दगड मात्र उत्तरात नसतो. कासलाही तेच घडते. तिथून परतलेला माणूस फुलांबद्दल भरभरून बोलतो, पण ती फुले ज्याच्या पाठीवर उगवतात त्या खडकाबद्दल चकार शब्द काढत नाही. हा खडक म्हणजे जांभा, आणि त्याचे सपाट, जवळजवळ उघडे पठार म्हणजे सडा. आपल्याकडच्या गावांनी ही ओळख नावातच जपली आहे. पाटण तालुक्यातल्या सडावाघापूरचे नाव घेतले की ते गाव कशावर वसले आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात पायी फिरू इच्छिणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच आहे की सडा पाहायचा तर कडेने पाहावा. आधी कड्याच्या खालून, मग कडेवरून, आणि मधला भाग होता होईल तो पायाखाली न घेता. यात पाहणाऱ्याच्या पदरात अधिक पडते आणि सड्याची झीज सर्वांत कमी होते. हे नुसते सौजन्याचे आवाहन नाही. दगडाची घडणच तसे सांगते.

ही घडण आधी समजून घेऊ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथल्या भूमीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा, आणि त्याचे थरावर थर साचत गेले. आपल्या डोंगरउतारांना जो पायऱ्यापायऱ्यांचा आकार दिसतो तो या थरांचा. हा खडक म्हणजे बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. थर साचणे थांबल्यानंतर सर्वांत वरचा पाषाण उष्ण आणि दमट हवेत लाखो वर्षे कुजत राहिला. पाण्याबरोबर त्यातली सिलिका, चुना आणि इतर विरघळणारी द्रव्ये निघून गेली, आणि लोह व ॲल्युमिनियम तेवढे मागे राहिले. त्यांचेच घट्ट, तांबडे, भोकाभोकांचे कवच झाले. म्हणजे जांभा हा काळ्या पाषाणावर वरून आणून ठेवलेला वेगळा दगड नाही. दुधावर साय धरते तसा तो त्याच पाषाणावर धरला आहे. पुढे नद्यांनी भोवतालचा प्रदेश कोरून काढला, पण जिथे कवच टिकले तिथे खालचा डोंगरही टिकला. महाबळेश्वर, पाचगणी, कास, चाळकेवाडी हे माथे आज खोऱ्यांनी एकमेकांपासून तुटलेले आहेत, तरी बहुतेक सारे समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आणि सारखेच सपाट. पूर्वीच्या विस्तीर्ण भूपृष्ठाचे हे उरलेले तुकडे आहेत. रत्नागिरीकडचा जांभा कोकणातल्या सखल पठारांवर आहे. घाटमाथ्यावरचा हा जांभा त्याहून कितीतरी उंच बसलेला आहे, आणि हेच त्याचे वेगळेपण. टेबललँड हे आशियातले दुसऱ्या क्रमांकाचे पठार आहे असे तिथे हटकून सांगितले जाते. ज्या आशियात तिबेटचे पठार आहे आणि आपले सबंध दख्खनचे पठार आहे, तिथे हा दावा टिकत नाही. त्या दाव्याची गरजही नाही, कारण जांभ्याचे मोल त्याच्या आकारमानात नसून त्याच्या घडणीत आहे.

ही घडण मध्यावर उभे राहून दिसत नाही. साय किती जाड आहे हे पातेल्यात वरून पाहून कळत नाही, ती कडेने उचलावी लागते. सड्याचेही तसेच आहे. कड्याच्या पायथ्याशी उभे राहून नजर हळूहळू वर नेली, की काही मीटरांत सगळा क्रम उलगडतो. तळाशी काळा पाषाण, त्यावर कुजत चाललेल्या पाषाणाचे गोटे, ज्यांचे पापुद्रे कांद्यासारखे सुटतात. त्यावर पिवळट-पांढरी, लाल ठिपक्यांची मऊ माती. मग नळ्यानळ्यांचा सच्छिद्र जांभा, आणि सर्वांत वर गर्द तपकिरी, लोहाची चकाकी आलेले कठीण कवच. प्रत्येक ठिकाणी हे सगळे टप्पे स्वच्छ दिसतीलच असे नाही. काही गवताने किंवा घसरलेल्या दगडांनी झाकलेले असतात. तरी दोन-तीन ओळखू येतात, आणि तेवढे पुरे होतात. जांभ्याच्या उघड्या तुकड्याकडे वीतभर अंतरावरून पाहा. मधमाश्यांच्या जुन्या पोळ्यासारखी भोके दिसतील, काहींत अजून पिवळी माती अडकलेली असेल, आणि भोकांच्या भिंतींवर गंजाचा गुळगुळीत लेप. ही भोके म्हणजे पाण्याने वाहून नेलेल्या द्रव्यांची रिकामी घरे. फ्रान्सिस बुकॅनन या अभ्यासकाने 1807 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात या खडकाला विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटेराइट’ असे नाव दिले, कारण मलबारात त्याने लोकांना हा दगड ओला असताना विटांसारखा कापताना आणि तो वाऱ्यावर कडक होताना पाहिले. कोकणातल्या चिऱ्यांच्या घरांत राहिलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही.

कडेच्या बाजूने दुसरा पुरावा पाण्याचा. सड्यावर पडलेले सगळे पाणी वरून वाहून जात नाही. बरेचसे त्या नळ्यानळ्यांतून खाली उतरते, तळाच्या मऊ मातीच्या थराला अडते आणि आडवे सरकत कड्याच्या पायथ्याशी बाहेर पडते. म्हणून पठाराचा माथा मार्चमध्ये कोरडा ठणठणीत असतो आणि त्याच्याच पोटाला झरा पाझरत असतो. डोंगरगावांची पाणवठ्याची ठिकाणे, कड्याच्या पोटातल्या गुहांतली ओल, राजपुरीच्या गुहांजवळची कुंडे या सगळ्यांमागे खडकातून झिरपणारे पाणीच आहे. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वरच्या डोंगरातून कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री निघतात असे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यातली कृष्णा वाईवरून खाली उतरते, माहुलीला वेण्णेला आणि कराडला कोयनेला पोटात घेऊन सांगलीला पोहोचते. सांगलीच्या घाटावर जे पाणी दिसते त्याचा काही अंश अशा एखाद्या कड्याच्या पायथ्याशी थेंबाथेंबाने सुरू झालेला असतो. सडा हे पाणी मुरवणारे झाकण आहे, हे एकदा लक्षात आले की त्यावर फेकलेली बाटली किंवा गाडीतून गळलेले तेल कुठे जाते, हेही लक्षात येते.

आता मधल्या भागाबद्दल. सर्वांत सहज घेतला जाणारा आक्षेप इथेच असतो. उघडा कातळ आहे, त्यावर चालल्याने काय बिघडणार? कातळाचे फारसे काही बिघडत नाही, हे खरे. पण सड्याचा मध्य म्हणजे नुसता कातळ नव्हे. त्यावर उथळ खळगे असतात, त्यांत बोटभर, फार तर वीतभर माती. पावसाळ्यात तिथे पाणी साचते आणि पाण्यावर वायतुऱ्याचे तुरे येतात, ज्याच्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. खळग्याच्या काठच्या ओलीत गेंद, सीतेची आसवे, किडे पकडून खाणारी दवबिंदू. यांतली काही झाडे किडे का खातात? कारण त्या बोटभर मातीत नत्र जवळजवळ नसते. पाऊस सरला की खळगा आटतो, तळाशी काळपट खपली धरते, आणि पुढच्या जूनपर्यंत साऱ्यांच्या बिया आणि कंद त्या खपलीखाली असतात. आपल्याला ती वाळलेली माती दिसते, म्हणून आपण त्यावरून बिनदिक्कत चालतो किंवा गाडी घालतो. खपली मोडली की वारा आणि पहिला वळीव ती माती घेऊन जातो, आणि कातळावर नवी माती जमायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. प्राण्यांचेही तसेच. गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा फुलवणारा एक सरडा 2016 साली चाळकेवाडीच्या पठारावरून नवी जाती म्हणून नोंदवला गेला. त्याला शास्त्रीय नाव मिळाले ‘सरडा सुपर्बा’, आपल्याच शब्दावरून. त्याच पठारावरच्या पवनचक्क्यांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी, सरडे संख्येने जास्त आणि त्यांचे वागणे बदललेले, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्याला आपण ओसाड माळ म्हणतो तिथे एका घटकाला धक्का लागला की दुसरा हलतो, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा सापडणे कठीण.

तर प्रत्यक्ष चालायचे कसे? पहिल्यांदा जाणाऱ्याने पाचगणीच निवडावी, कारण तिथे एसटीने जाता येते आणि चूक झाली तरी वस्ती जवळ आहे. वाई सुमारे 720 मीटर उंचीवर आहे, पाचगणी 1,290 च्या आसपास. मधला पसरणीचा घाट चढताना खिडकीतून समोरच्या डोंगरांच्या पायऱ्या मोजत जा. लाव्हाचे थर मोजण्याचा याहून सोपा मार्ग नाही. घाटात गाडी थांबवून रस्त्यावर उतरू नका, वळणे आंधळी आहेत. पाचगणीत सकाळी आठच्या आत पोहोचावे. ऊन तिरपे असताना खडकाची प्रत्येक खाच सावलीने उठून दिसते, दुपारी बाराला तोच कडा सपाट भिंत वाटतो. बाजारपेठेतून चढण लहानच आहे, पण वर जाण्याची घाई करू नका. कड्याचा जेवढा भाग वाटेवरून खालून दिसतो तेवढा नीट पाहा. वरचे कवच पुढे आलेले आणि त्याखालचा मऊ भाग आत गेलेला दिसेल. कड्यातल्या गुहा याच मऊ भागाच्या झिजेतून झालेल्या आहेत. त्यांपैकी डेव्हिल्स किचन नावाच्या गुहेत पांडवांनी चूल मांडली होती अशी कथा सांगतात. वर आल्यावर मळलेल्या वाटेने, कडेपासून अंतर राखून, पठाराला फेरी घाला. उत्तरेला कृष्णेचे खोरे, दक्षिणेला कुडाळी नदीचे, आणि दोन्हींच्या मधे उरलेली ही जमिनीची फळी, हे मध्यातून कधीच कळत नाही. रमतगमत फेरीला दोन-तीन तास पुरतात.

कडेने चालणे धोक्याचे नाही का, असा प्रश्न कोणीही जाणता माणूस विचारेल, आणि तो विचारलाच पाहिजे. धोका आहे, आणि त्याचे कारणही मघाच्याच घडणीत आहे. खालचा मऊ थर झिजल्यामुळे वरचे कवच छज्ज्यासारखे बाहेर लोंबते. वर उभ्या असलेल्या माणसाला आपल्या पायाखाली पोकळी आहे हे दिसत नाही. म्हणून कडेने चालणे म्हणजे ओठावर उभे राहणे नव्हे. दहा पावले आत राहूनही खोरे पूर्ण दिसते. फोटोसाठी पाय सोडून बसण्याची जागा ही नव्हे, आणि लहान मुलांचा हात सोडण्याचीही नव्हे. दगडात उभी भेग दिसली तर तिच्या दरीकडच्या बाजूला जाऊच नका. खालून चालताना गुहेच्या छताखाली रेंगाळू नका. धुक्यात वीस पावलांपुढचे दिसेनासे झाले की फेरी तिथेच संपवा. आणि ढग गडगडले की ताबडतोब उतरा, कारण सपाट सड्यावर सर्वांत उंच वस्तू आपण स्वतः असतो. एवढी पथ्ये पाळली तर कडेची वाट मध्यातल्या घोड्यांच्या आणि गाड्यांच्या गर्दीपेक्षा निवांत आहे.

दुसरा आक्षेप असा की लोक फुलांसाठी जातात, दगडासाठी नाही, आणि फुले मध्यावरच असतात. फुले पाहायला ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात जरूर जा. कासला परिसरातल्या गावांची समिती वनविभागासह व्यवस्था पाहते, त्या दिवसांत प्रवेशासाठी आधी नोंदणी लागते, आणि आखून दिलेल्या वाटेवरूनच फिरायचे असते. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर कासची जागतिक वारशात नोंद झाली, तेव्हापासून ही शिस्त अधिकच गरजेची झाली आहे. पण दगडासाठी जायचे असेल तर माझे मत स्पष्ट आहे: दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत जावे. गवत वाळून बसलेले असते, शेवाळ सुकलेले असते, हवा स्वच्छ असते, आणि फुलांच्या दिवसांतली गर्दीही ओसरलेली असते. पावसातला जांभा शेवाळाने साबणासारखा निसरडा होतो, हे आणखी एक कारण. ज्यांना चढ झेपत नाही अशा ज्येष्ठांचे काय, हाही प्रश्न रास्त आहे. पाचगणीत त्यांनी वाहनाने वर यावे, बाकीच्यांनी चालत येऊन त्यांना गाठावे. खालून काय पाहिले ते वर बसून सांगता येते. घोडेवाले आणि गावकरी यांच्या पोटाचे काय, असेही विचारतात. त्याचे उत्तर कमी जाण्यात नाही, वेगळ्या रीतीने खर्च करण्यात आहे. गावातला वाटाड्या घ्या, त्याला ठरलेले पैसे विनाघासाघीस द्या, गावातच पिठले-भाकरी जेवा. झरा कोणत्या महिन्यापर्यंत टिकतो हे तोच सांगू शकतो.

पाचगणी पाहून झाली की पुढच्या वाटा निवडता येतात. साय पाहिली, आता खालचे दूध पाहायचे असेल तर वासोटा. बामणोलीला वनविभागाची परवानगी घेऊन शिवसागर जलाशय बोटीने ओलांडायचा, मग दाट जंगलातून दोन-अडीच तासांची चढण, आणि माथ्यावरून दिसणारा बाबूकडा. तो नखशिखांत काळ्या पाषाणाचा, अर्धवर्तुळाकार, थरावर थर. तिथे टेबललँडवरची तांबडी, भोकाभोकांची भिंत आठवली म्हणजे दोन दगडांतला फरक डोळ्यांत कायमचा बसतो. पावसाळ्यात ही वाट बंद असते. महाबळेश्वरला केट्स पॉइंटजवळ नीडल होल आहे. कड्याच्या सोंडेला आरपार पडलेले ते भोक कमकुवत भाग आधी झिजल्याने झाले, हे आता न सांगताही ओळखता येईल. सांगलीकरांसाठी शिराळा तालुक्यातून मणदूरमार्गे चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे, आणि त्यात झोळंबीचा सडा. 2010 पासून हा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथे परवानगी, ठरलेली वेळ आणि वाटाड्या यांशिवाय पाऊलही टाकायचे नाही, आणि मनाला येईल तिथे पायी फिरण्याचा आग्रह धरायचा नाही. 2025 च्या सप्टेंबरमध्ये पाचगणी आणि महाबळेश्वरच्या लाव्हाथरांचा भारताच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. म्हणजे यापुढे इथे दगडासाठीही लोक येतील, आणि ते कसे चालतात यावर पुष्कळ काही ठरेल.

बरोबर घ्यायचे सामान थोडेच आहे. पकड असलेले बूट, माणशी दोन ते तीन लिटर पाणी, टोपी, वाऱ्यासाठी एक जाडसर सदरा. सड्यावर सावली नसते आणि झरा कड्याखाली असतो, वर नाही. जांभ्याच्या भोकांत आणि कपारींत हात घालू नका, तिथे फुरसे असू शकते. दंश झालाच तर घट्ट दोरी बांधणे किंवा चिरा देणे टाळा, हातपाय न हलवता माणसाला रुग्णालयात न्या. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि वनविभागासाठी 1926 हे क्रमांक लिहून ठेवा, कारण मोबाइलला सगळीकडे रेंज मिळत नाही. कड्याला आग्यामोहोळ लागलेले दिसले तर धूर, आरडाओरडा आणि अत्तर तिन्ही वर्ज्य. हातोडी नेऊ नका. जांभा तळहाताने चाचपला तरी पुरेसा कळतो. आणि सड्यावर सुटे पडलेले दगड उलटून पाहू नका. त्यांच्याखाली विंचू, पाली, बेडूक कडक उन्हाळ्याचे दिवस काढतात. चुकून पाय लागून एखादा उलटलाच, तर तो होता त्याच जागी, होता त्याच बाजूवर परत ठेवा.